भरलेली भिंत

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा आणायला जातो. जुन्या इमारती दुरुस्त करणं हा माझा धंदा. आयुष्य पडक्या घरांत गेलं, पण पालींशिवाय तिथे कधी कोणी भेटलं नव्हतं...

चेन्नईत गिंडीला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, इंग्रजांच्या काळातला एक व्हिला आहे. कमानींचा व्हरांडा, रंगीत काचा, बर्मा सागाचा जिना. मालक नरसिंगराव – तंजावरचे मराठी, ऐंशीच्या घरातले, एकटे. मी नाशिकचा, मुक्काम तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये – तिथे एकट्या पुरुषांच्या लॉजला मॅन्शन म्हणतात – एका खाटेच्या खोलीत. दिवसभरात मराठी कानावर पडायचं ते फक्त रावांच्या तोंडून, तेही तमिळ हेल काढून. मला 'तंबी' म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. खरं सांगू? त्या हाकेसाठी मी रविवारीही साइटवर जायचो.

चुन्याचा जुना गिलावा तपासायचा तर बोटांनी वाजवत जायचं. भिंतीला धरून असेल तर ठणठणीत वाजतो, सुटला असेल तर बद्द. रावांच्या पलंगामागची भिंत सगळीच बद्द. कधीही डोक्यावर आली असती! उपाय सोपा – बारीक भोकं पाडून पिचकारीने पातळ चुना आत भरायचा. पण राव ऐकतील तर शपथ.

शेवटी म्हणाले, "पलीकडच्या खोलीत माझी बायको निजून असायची, तंबी. दुपारी मी भिंत वाजवून विचारायचो, काप्पी हवी का? ती वाजवून हो म्हणायची. ती गेली... पण अजून म्हणते."

आणि कॉफी विचारावी तसं त्यांनी वाजवलं. टक टक. क्षणभराने पलीकडून – टक टक. मी धावत जाऊन पाहिलं. खोली रिकामी, फरशीसुद्धा उखडलेली. परत येऊन मी वाजवलं, तर काहीच नाही.

पण मीही हट्टी. पोकळीत हवा कोंडली की असले आवाज होतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना म्हटलं, "राव, त्या खरंच असतील तर चुन्याने थोड्याच अडणार आहेत?" हे मात्र त्यांना पटलं.

भिंत भरली. चुना सुकल्यावर एका दुपारी त्यांनी वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मग हात तसाच भिंतीवर ठेवून बसले. मला बघवेना हो. गुपचूप पलीकडे गेलो, म्हटलं आपणच देऊ उत्तर. मूठ उचलली... भिंतीपासून वीतभर लांब होती, आणि टक टक! माझ्या समोर, भिंतीतून.

परत आलो तर रावांचे डोळे भरलेले.

"तुमचं मन मोठं आहे, तंबी. पण पुन्हा असं करू नका."

"अहो, मी नाही वाजवलं! आईशप्पथ नाही!"

"बरं, बरं," म्हणाले, आणि हसले.

ते हसू मला अजून छळतं. त्यानंतर त्यांनी भिंतीला हात लावला नाही. "एकदा माझ्यासमोर वाजवा, मी इथून हलत नाही," म्हणून किती विनवण्या केल्या. म्हणाले, "म्हाताऱ्याची थट्टा पुरे." दुपारची काप्पीही सोडली.

भरलेल्या भिंतीतून आवाज कसा आला, मला आजही कळलेलं नाही. तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा – भांडेन, पण ऐकेन. काम संपलं त्या दिवशी, राव बागेत असताना, मीच जाऊन भिंत वाजवली. बराच वेळ कान लावून उभा राहिलो... पलीकडे ती त्यांच्या हाताची वाट बघत असणार. मला कोण उत्तर देणार?