आमचा बँड बसला ते वर्ष

आर्वीच्या एका बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवायचो. कमाई लग्नसराईची, आणि लग्नसराई तेलाच्या गिरण्यांवर चालायची. गिरणीवाले बँकेकडून उचल घेऊन जवस, भुईमूग भरून ठेवत. माल आला की हमालांना काम, गाडीवानांना फेऱ्या, आणि त्यांच्या घरी लग्न निघालं की आम्हाला बोलावणं.

सत्तरच्या दशकात महागाई भडकली तेव्हा बँकांना वरून हुकूम आला, तेलबियांच्या साठ्यावर उचल कमी द्या. गिरण्या अर्धा दिवस बंद राहू लागल्या. लोक एकेक करून दिलेली सुपारी मोडायला आले. आमचा बँडमास्तर आधीच तापट. मला घेऊन थेट बँकेत गेला.

साहेब पुण्याकडचे, सभ्य. चहा मागवून म्हणाले, "बाजारात पैसा जास्त झालाय. तो आवळला की साठेबाजी थांबेल, भाव उतरतील."

"आमी तं हवा फुकतो साहेब," मास्तर म्हणाला. "हवेचा का साठा करता येते? मंग आमाले काऊन आवळता?"

"तुम्हाला कोणी आवळत नाही हो. धोरण सर्वांसाठी असतं."

"मंग गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पोरीच्या लग्नाले नागपूरचा बँड कसा येऊन राह्यला?"

"ते त्यांच्या घरचं कार्य आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

मला त्यांचा राग येईना, आणि त्याचाच वैताग येत होता. हुकूम त्यांचा नव्हता. मग भांडायचं कोणाशी?

तो उन्हाळा आम्ही वाद्यं पुसत काढला. तेल काही स्वस्त झालं नाही. ढोलवाला कंटाळून पुलगावच्या कापड गिरणीत लागला.

पुढे बँकांनी हात सैल सोडला. गिरण्या दिवसभर चालू लागल्या, लोक पुन्हा सुपारी घेऊन आले. ढोलवाल्याला परत आणायला मास्तर आणि मी एसटीनं पुलगावला गेलो. त्यानं जेवू घातलं, पण यायला तयार होईना.

"मास्तर, इथं रोज हजेरी लागते. तुमचं काम कधी बंद पडन, कोन सांगावं?"

शेवटी एका नवशिक्या ढोलवाल्याला घेऊन आम्ही वरातीत उभे राहिलो. पहिल्याच गाण्यात त्याचा ढोल आमच्या सुरांच्या पुढे पळाला. नाचणारे थांबले. नवरदेवाचा मामा तणतणत आला, "असा कसा बँड हाय तुमचा?"

मास्तर त्याला बँकेपासून सगळं सांगायला लागला, मग मधेच थांबला आणि आमच्याकडे वळला.

"चाला, पयल्यापासून घ्या."