खोल बसलेली बॅटरी

ही गोष्ट माझ्या दवाखान्यात कुणाला माहीत नाही, घरी तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — आणि सांगतानाही मधेच थांबावंसं वाटतंय.

मी बारामतीत जुनाट वेदनांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. शेळगावच्या हिराबाई माझ्याकडे आल्या तेव्हा मणक्याचं ऑपरेशन होऊनही त्यांचा पाय सतत जळत होता. अंगानं फार जाड. आधीच्या डॉक्टरांनी 'वजन उतरवा' म्हणून परत पाठवलेलं. मी तसं म्हणालो नाही. मणक्यात बारीक तारा सोडायच्या, कमरेशी कातडीखाली बॅटरी बसवायची, तिच्या सौम्य विजेनं दुखणं दबतं — सगळं समजावलं. आधी नुसत्या तारा घालून, बॅटरी बाहेर ठेवून पाहिलं. त्या दिवसांत हिराबाई उभ्यानं स्वयंपाक करू लागल्या.

मग कायमची बॅटरी. पालथं झोपवल्यावर त्यांना श्वास जड जात होता, सुई जागेवर पोचता पोचेना, भूलतज्ज्ञ 'आटपा' म्हणत होते. तारा बसल्या. पण बॅटरी? ती कातडीच्या लगेच खाली हवी, नाहीतर बाहेरून चार्जर लागत नाही. मी ती चरबीत खोल सारली आणि टाके घातले. खोल गेली हे मला तेव्हाच कळलं होतं — मग पुन्हा का नाही काढली? वैतागलो होतो. खरं सांगू? त्या देहाचाच मला राग आला होता.

काही दिवसांत बॅटरीचं चार्जिंग संपलं. चार्जर काही केल्या पकडेना. छोटं ऑपरेशन करून ती वर घेता आली असती. पण मग चूक कुणाची, तेही सांगावं लागलं असतं. मी त्यांच्या नवऱ्यासमोर म्हणालो, "मावशी, वजन वाढलंय तुमचं. म्हणून चालत नाही."

वजन वाढलं नव्हतं. काट्यावर मीच पाहिलं होतं.

"तोंडावर ताबाच न्हाय हिचा," नवरा म्हणाला.

हिराबाईंनी मान खाली घातली. "माझंच चुकलं, डॉक्टर. तुमी एवढं केलं, आन् मी वाया घालवलं."

मी ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी भिगवणला एका हॉटेलात जेवायला थांबलो, तर शेजारच्या टेबलावर तेच कुटुंब. हिराबाईंपुढं ताट नव्हतं. गालफडं बसलेली, एका हातानं पाय चोळत होत्या. "एक येळचं जेवण सोडलंय तिनं," नवरा कौतुकानं म्हणाला.

हिराबाईंनी मलाच विचारलं, "आजून किती उतरलं म्हंजी ती मशीन चालंल, डॉक्टर?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का?

मी म्हणालो, "आणखी थोडं. असंच चालू ठेवा."