मोरेश्वर मास्तरांनी तुळशीला घातलेलं पाणी

मास्तर बघायला आले तेव्हा कुसुमला ते एक नंबरचे चिकट वाटले होते, बरं का! ती अजूनही हसत हसत अख्ख्या गल्लीला सांगते. लोधीखेड्याला तिच्या माहेरी मास्तरांनी पोहे खाल्ले, अर्धा पेला पाणी पिलं, अन् उरलेलं अर्धं, बाई, उठून मोगऱ्याच्या बुडाशी ओतून आले. "मी आईले म्हटलं, हा माणूस पाणी सोडत नाही, मले लुगडं काय घेऊन देईन!"

लुगडी मास्तरांनी हौसेनं घेतली. चिकटपणा होता तो फक्त पाण्याचा.

सौसरच्या त्यांच्या घरी न्हाणीचं पाणी नालीनं केळीला जायचं, तांदूळ धुतलेलं मेथीला, अन् ताट-वाट्या विसळलेलं घमेल्यात साठून आळूला. बिचाऱ्या पाण्याला गटार पाहायला मिळायचं नाही. कुसुमची हरकत नव्हती. तिची अट एकच होती, तुळशीला खरकटं पाणी नको. तिला आंघोळीनंतरचा तांब्या, तोही ताज्या पाण्याचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात लोधीखेड्याला कुसुमच्या आईचा पाय मोडला. कुसुम माहेरी निघताना बजावून गेली, "अहो, तुमी देवाले हात जोडत नाही ते नाही, माह्या तुळशीले इसरू नका."

मास्तर विसरले नाहीत. शाळेला सुट्टी होती, रोज आंघोळ करून इमानदारीनं तांब्या घातला. मग नळाची मोटर जळली. घरात पिण्यापुरतं एक गुंडभर पाणी उरलं. आंघोळच बंद, तिथं तांब्या कुठला? तुळशीनं मान टाकली. मास्तरांनी घमेल्याकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, गल्लीत कोणी नाही हेही पाहिलं, अन् दिलं ओतून.

तुळस सकाळी ताठ उभी. मग नळ आला तरी मास्तर घमेलंच ओतत राहिले. लागलेली सवय हो, दुसरं काय!

कुसुम परतली तर तुळस मंजिऱ्यांनी लगडलेली. ती ओट्यापाशीच थांबली. पिशवीही खाली ठेवली नाही. "मी तुमाले उगाच बोलत होती," ती म्हणाली. "असं मनापासून मलेही जमत नाही."

मास्तर पिशवी घेऊन आत गेले.

कुसुमनं गल्लीभर कौतुक केलं. शेजारच्या लीलाबाई मूठभर मंजिऱ्या घेऊन गेल्या. "भाऊजी, तुमच्या हाताले गुण आहे!" मास्तरांनी तो हात पाठीमागं लपवला. नैवेद्यावरचं तुळशीचं पान तर त्यांच्या घशाखालीच उतरेना.

प्रायश्चित्त म्हणून ते आपल्या आंघोळीसाठी भरलेलं ताजं पाणी गुपचूप तुळशीला घालू लागले. आधी कुसुमचा तांब्या, वरून ह्यांची बादली. व्हायचं तेच झालं, बुडाशी चिखल साचला अन् पानं पिवळी पडून गळू लागली.

"मी आली अन् हे रुसली," कुसुम पान वेचत म्हणाली. "माह्याच हातून काही पाप झालं असन."

आता मात्र मास्तरांना राहवलं नाही. "तुह्या हातून नाही व. मी तिले ताट विसळलेलं पाणी घातलं. नळ नव्हता तेव्हा, अन् आला तेव्हाही. मनाले लागलं म्हणून आता बादल्या ओतून राहिलो, त्यानंच ती सडून राहिली."

कुसुमनं वेचलेली पानं तिथंच ठेवली. संध्याकाळी तिनं जेवायला वाढलं, पण "घ्या" म्हटलं नाही. मास्तरांनी त्या दिवशी भात परत मागितला नाही.

बादल्या बंद झाल्या. बुडाशी माती सुकली, खोडाला कुठं कुठं हिरवं दिसू लागलं. पण कुसुमचं मन निवळेना. एके सकाळी ती लीलाबाईंकडून एक नाजूक रोप घेऊन आली.

"जुनी उपटा. खरकटी झाली ते. हे शुद्ध आहे."

मास्तर उठले, वाकले. हात काही त्या हिरव्या खोडाला लाववेना.

"लीलाबाईनं हे कुठून आणलं व?"

"घरीच उगवलं तिच्या."

"कशातून?"

"मंजिऱ्यातून! अजून कशातून उगवते?"

"कोणाच्या मंजिऱ्या?"

कुसुमनं हातातल्या रोपाकडे पाहिलं, मग जुनीकडे.

"माय खरकटी, अन् लेक शुद्ध?" मास्तर हळूच म्हणाले. "हे कसं काय, मले समजून सांग."

"मास्तरकी शाळेत करा!" कुसुम फणकारली. पण खुरपं तिनंच घेतलं. जुनीच्या कुशीलाच रोप लावलं, माती दाबली, अन् चिखलाचे हात घमेल्यात धुतले.

"हे कुठं टाकू?" तिनं दुसरीकडे बघत विचारलं.

"आळूले," मास्तर पटकन म्हणाले.