शिवेवरची कोंबडी

लटारू वॉर्डबॉय कुणाच्या बापाला भीत नसे, निदान सांगायचा तरी तसं. "आमी बुद्धाचे झालो तवाच सारे देव सोडले," असं चारचौघांत छाती काढून म्हणायचा. देव सुटले हो, पण भेव कुठं जाणार? ते पोटातच ठाण मांडून बसलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात सिंदेवाहीकडच्या जंगलपट्टीत हगवण-ओकारीची साथ आली आणि दवाखान्यातल्या माणसांची डोकीच फिरली. डॉक्टर हात धुऊन झाले की साबण धुवायचे. अन्नपूर्णा सिस्टर झोपेतही सलाइनचे थेंब मोजायच्या. लटारूचं पोट जरा गुरगुरलं की तो स्वतःची नाडी धरून बसायचा, आणि ती मेली कधी सापडायची नाही. घरी बायको, केसरबाई, त्याला उंबऱ्याच्या आत घेईना. ताट अंगणात सरकवायची. पानठेल्यावर कुणी बिडीला आगपेटी देईना. जिवाला फार लागायचं ते, पण सांगणार कुणाला?

त्यात दवाखाना नेमका दोन गावांच्या शिवेवर. दोन्ही गावं 'आमच्याकडंच पायजे' म्हणून भांडली, तेव्हा सरकारनं असा मध्य काढलेला. आणि तिकडची रीत अशी, की साथीला देवी मानून टोपलीत बसवायचं, सोबत कोंबडी बांधायची आणि वाजतगाजत शिवेवर सोडून यायचं. टोपली जो ओलांडेल, रोग त्याच्या मागं जातो.

एका सकाळी लटारू ड्यूटीवर आला, तर टोपली फाटकात आडवी. सकाळपाळीचा सारा स्टाफ बाहेर ताटकळलेला. डॉक्टर म्हणाले, स्कूटरचा प्लग बिघडला. स्कूटर तर चांगली धडधडत होती. कंपाउंडर बापूराव नुसतेच आभाळाकडं बघत उभे.

तेवढ्यात आतून रातपाळीच्या अन्नपूर्णा सिस्टर ओरडल्या, "लटारूभाऊ, रातच्याला आणलेल्या त्या सुकरीच्या पोराची सलाइनची बाटली संपून राह्यली. मी एकटी कुठी कुठी पाहू?"

सगळ्यांनी लटारूकडं पाहिलं. देव सोडलेला तोच ना! बोलणं अंगाशी आलं. त्यानं नाडी धरून पाहिली, ती तर आधीच हरवलेली. त्यानं टोपलीत डोकावलं. कोंबडी ओलीचिंब, पाय बांधलेले, गुमान बसलेली. ना कुणी दाणा टाकत होतं, ना कुणी हात लावत होतं. लटारूला आपलं अंगणातलं ताट आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"तुलेबी गावानं काढलं काय वं?" तो म्हणाला. "चाल माह्या संगं. आपली जागा अंदरच हाये."

टोपली डोक्यावर घेऊन तो तरातरा आत गेला. पोराची बाटली बदलली. फाटक मोकळं झाल्याबरोबर डॉक्टरांचा प्लगही सुधारला. दुपारी पोरानं डोळे उघडले आणि खाटेखालच्या कोंबडीला यू यू करू लागलं.

बातमी लटारूच्या आधी घरी पोचली. संध्याकाळी केसरबाईनं त्याचं ताट अंगणातून उचललं आणि पार रस्त्यावर नेऊन ठेवलं. लटारू तिथंच बसून जेवला. भाताचे शेवटचे दोन घास मात्र त्यानं कागदात बांधून घेतले, कोंबडीसाठी.