कावूनमावशी

काहीही सांगा, मावशी आधी विचारायच्या, "कावून?" म्हणजे का? चादर बदला म्हटलं की कावून, खिडकी लावा म्हटलं की कावून. आमच्या सहकारी रुग्णालयात मी बायकांच्या वॉर्डची सिस्टर होते आणि या एका शब्दानं माझं डोकं उठायचं. डॉक्टरांनी त्यांचं नावच कावूनमावशी ठेवलं. त्यांना ते आवडलं, हा आणखी एक ताप.

त्या धारूरकडच्या एका वृद्धाश्रमातून आल्या होत्या. दुष्काळात तिथली विहीर तळाला गेली, टँकरही येईनासा झाला, तेव्हा म्हाताऱ्यांना जमेल तसं नातेवाइकांकडे पोचवून आश्रमाला कुलूप लागलं. मावशींना आमच्याकडे काम मिळालं. पेशंटला कुशीवर वळवणं, अंग पुसणं त्यांच्या हातातलंच होतं. बाकीचं सगळं शिकवावं लागलं, आणि पुन्हा पुन्हा.

रुग्णालय म्हणजे आश्रमच, असं त्या धरून चालत. कुणाही म्हातारीच्या कॉटवर मांडी घालून बसत आणि तिची वेणी घालायला घेत. शेजारची बाई बेडपॅनसाठी हाका मारतेय, तरी यांचं आपलं चालूच. मी ओरडले की म्हणत, "अर्धी येणी सोडून उठू का?"

एकदा दिंद्रुडच्या एका बाईचं ऑपरेशन होतं. पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे मी मावशींना कारणासकट सांगितलं होतं. भूल दिल्यावर उलटी झाली तर ती श्वासात जाते, माणूस दगावतं. त्यांनी मान डोलावली. मी ड्रेसिंग आटोपून परत येते, तर मावशींनी तांब्या धरलाय आणि बाई घटाघटा पितेय.

"मावशी!"

"व्हट वाळून गेलते हो तिचे. पाण्यापायी म्हातारी माणसं रडलेली बघितलीत मी. मागितल्यावर न्हाई कसं म्हणू?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. बाईचा नवरा माझ्या अंगावर धावून आला, डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली, आणि मावशी रडत बसल्या म्हणून त्यांची समजूतही मीच काढली! दुसऱ्या दिवशी मात्र त्या कॉटजवळून हलल्या नाहीत. नवऱ्यालाही त्यांनी चूळ भरायला वॉर्डाबाहेर पिटाळलं.

ती बाई बरी होऊन घरी निघाली, तेव्हा तिची पिशवी घेऊन मावशी फाटकापर्यंत गेल्या, त्या गेल्याच. इकडे डॉक्टर राउंडला आलेले, कॉटवर चादर नाही. मी तणतणत शोधायला गेले. रिक्षा केव्हाच दिसेनाशी झाली होती आणि मावशी अजून रस्त्याकडे बघत उभ्या.

"आमच्या तिथून माणूस निघालं की खांद्यावरच निघायचं, सिस्टर," त्या म्हणाल्या. "ही पायानं चालत गेली."

चादर राहिलीच होती, म्हणून मी त्यांना बोललेच. त्यानंतर प्रत्येक डिस्चार्जला हेच!

हळूहळू मात्र त्या तयार झाल्या. ताप बघू लागल्या, सलाइन संपत आलं की हाक मारू लागल्या. आता जरा सुख लागेल असं मला वाटलं, तोवर धारूरकडे, बालाघाटच्या डोंगरात दणकून पाऊस झाला. विहीर भरली, आश्रम उघडला, आणि मावशी निरोप घ्यायला आल्या. मी भडकलेच.

"नोकरी पक्की व्हायची वेळ आली आणि निघालात? तिकडे दुसरी बाई ठेवतील की."

"ठेवतील. पर माझ्या म्हाताऱ्यांना माझी सवय हाय. हितले बरे होऊन घरी जातेत, सिस्टर. तिथल्यांनी कुठं जावं?"

आश्रमाचा टेम्पो त्यांना न्यायला आला, तेव्हा आत आष्टीहून, भाच्याच्या घरून परत आणलेली एक म्हातारी बसली होती. मावशींना बघताच ती कडाडली, "कुठं मेलतीस इतके दिस? तुझ्याबी भाच्यानं ठिवलंतं का तुला वसरीत?"

मावशी हसत वर चढल्या. म्हातारीच्या शिव्या चालूच होत्या. मावशींनी तिचा पदर सारखा केला, तिला स्वतःच्या खांद्यावर रेलवून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू चालव रे." मी खालीच उभी होते. माझ्याकडे बघायचंदेखील त्यांना सुचलं नाही.