अंबडच्या कंपनीतल्या बाया

आमच्या गल्लीत गिऱ्हाईक टिकत नाही, किस्से मात्र मुक्कामाला येतात. नाशकात धंदा करणाऱ्या आम्ही सगळ्या घरी एकच सांगायचो, "अंबडला कंपनीत आहे." मी पण, माझ्या खोलीतली मंगल पण. या हिशोबानं अख्ख्या अंबडात आमचीच कंपनी मोठी!

*

मंगलची पोरगी सीमा देवळ्याला, मंगलच्या धाकट्या भावाकडे वाढली. खरं काय ते भावाला ठाऊक, वहिनीला नाही. एकदा एसटीडीवरून फोन लावला तर वहिनी म्हणते, "ताई, माझ्या बहिणीला पण लावा की तुमच्या कंपनीत!"

मंगल म्हणाली, "भरती बंद आहे वहिनी."

*

किराणावाला सामान आमच्या हातात देत नसे. फळीवर ठेवून मागं सरकायचा. विटाळ! अन् हाच माणूस दर शनिवारी मागच्या दारानं यायचा. एकदा मंगलनं दारातच अडवला, "शेठ, शिवायचं नाही. लांबूनच काय ते करा!"

*

संक्रांतीला आम्हाला कोण बोलावणार? आम्हीच एकमेकींना हळदीकुंकू लावायचो. मंगलला उखाण्याचा आग्रह झाला. बाई नावापाशी अडली.

"कुणाचं घेऊ गं? रांग लागलीय!"

लय हसलो. नंतर तिळगूळ कुणाला गोड लागला नाही.

*

एड्सचं काम करणाऱ्या मॅडम यायच्या. पहिल्यांदा मंगलला "तुम्ही" म्हणाल्या, तर हिनं मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून! मग नाव विचारलं. "पिंकी." खरं सांगा म्हटलं, तर मला म्हणते, "तू सांग गं. माझ्या तोंडून निघंना."

*

सीमाचं लग्न ठरलं. येवल्याला, मुलाकडे. भाऊ म्हणाला, "ताई, ये, पण आई म्हणून नको. कुणी ओळखलं तर पोरीचं लग्न मोडंल." मंगलला कसंही करून लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या. मला घेऊन गेली. वहिनीनं बघू नये म्हणून तोंडावर पदर ओढून मांडवात शेवटी उभ्या राहिलो. तिच्या अक्षता काही नवरीपर्यंत पोचल्या नाहीत.

पंगतीत नवऱ्या मुलाची आई स्वतः वाढायला आली. "तुम्ही कुठल्या?"

"नवरीच्या आईच्या कंपनीतल्या," मंगल म्हणाली.

"अन् ती बया कुठंय? पोटच्या पोरीच्या लग्नाला सुट्टी मिळंना? कसली आई म्हणायची ही!"

माझं डोकंच फिरलं. ताटावरून उठणार, तर मंगलनं माझा हात धरून खाली बसवलं.

"तेच म्हणते मी," ती विहिणीला म्हणाली. "लाज नाही मेलीला. थोडी बुंदी वाढा."