काशीरामची ट्रॉली थरथरली तो दिवस

गाडी थरथरली की तुम्ही आधी बोट कुणाकडे दाखवता? रस्त्याकडे दाखवत असाल तर भले आहात. बहुतेकांचं बोट जातं ते ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय आणि खिशात कागद नाही अशा माणसाकडे. छातीवर हात ठेवून सांगा, तुमचं कधी गेलं नाही?

शहाऐंशी सालच्या श्रावणात काशीराम कुळ्येवर हे बोट उठलं. हातखंब्याला तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर, सकाळी नऊ वाजता, चहाच्या टपरीवरचे सगळे बघत असताना.

काशीराम संगमेश्वराकडच्या एका वाडीतला. घर कातळाच्या कडेला, पोटापुरती नाचणी. चौथीला शाळा सुटली आणि पंधराव्या वर्षी तो भायखळ्याच्या एका गॅरेजात नट धुवायला लागला. पाच वर्षं नुसते नट धुतले. इंग्रजी अक्षरं तो टायरच्या कडेवर वाचायला शिकला. उस्ताद म्हातारा झाला, गॅरेज बंद पडलं, तेव्हा हा गावाकडे आला आणि एका वर्कशॉपात काम मागायला गेला. तिथल्या साहेबानं विचारलं, "आयटीआयचं सर्टिफिकेट?" काशीरामनं दोन्ही हात पुढे केले. साहेब हसला. त्या हसण्याचा राग काशीरामनं पोसून ठेवला आणि तिठ्यावर चार पत्रे ठोकून स्वतःचं गॅरेज काढलं, मागच्याच खोलीत संसार मांडला.

त्याची एक खोड होती. पाना उचलायच्या आधी तो अर्धा तास नुसते प्रश्न विचारायचा. किती वेगाला होतं, चढावर होतं की उतारावर, पाय उचलला की थांबतं का. गिऱ्हाईक वैतागायचं, "अरे, तू मेस्त्री की वकील?" काशीराम म्हणायचा, "गाडी तुमची हाय, तिची सगली कथा तुमालाच ठाव. सांगा."

त्या वर्षी केळशीच्या गोदूबाईनं रत्नागिरीत होडी घेतली. लहानशीच, पण डिझेल इंजिन बसवलेली. नारळी पौर्णिमेला ती केळशीच्या पाण्यात लोटायची होती. समुद्र अजून खवळलेला, म्हणजे न्यायची रस्त्यानंच. ती ओढून न्यायला ट्रॉली काशीरामनं बनवली. जुन्या जीपचा एक्सल, लोखंडी चॅनेल, पंधरा दिवसांचं वेल्डिंग. आयुष्यातली पहिली ट्रॉली. बायकोला, तुळसाला, त्यानं ती दोनदा बाहेर बोलावून दाखवली. तुळसा म्हणाली, "आता काय हळदकुंकू लावू हिला?" पण हसली ती. तिलाही ठाऊक होतं, पौर्णिमेला केळशीच्या किनाऱ्यावर सगळी गलबतवाली माणसं ही ट्रॉली बघणार. धड पोचली तर काशीरामचं नाव झालं. रस्त्यात राहिली तर हमरस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर ते नाव घेऊन हसणार.

आणि पौर्णिमेच्या तीन दिवस आधी राजाभाऊंची पिकअप होडी चढवलेली ती ट्रॉली ओढत तिठ्यावर आली आणि गचकन थांबली. राजाभाऊ रत्नागिरीचे, आंब्याच्या पेट्या वाहायला त्यांनी ही पिकअप घेतलेली. खाली उतरले ते ओरडतच.

"काशीराम! ही तुझी ट्रॉली घे आणि कातळावर नेऊन टाक. एक्सल वाकडा आहे हिचा! तेरा किलोमीटरांत माझ्या कवळीचे दात हलले."

होडीत ताडपत्रीवर बसलेली गोदूबाई आणि तिचा मुलगा शिवा खाली उतरले. गोदूबाई अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून. "मेल्या काशी, माजी होडी काय चालणीत घालून चाळायची हाय तुला?"

टपरीवर कुणीतरी खिदळलं. काशीरामच्या तोंडात शिवी आली होती. ती त्यानं गिळली आणि विचारलं, "राजाभाऊ, किती वेगाला हलते?"

"झालं याचं सुरू! तीस-पस्तीसला. तिसऱ्या गियरात."

"चढावर?"

"चढावर तर पुसूच नकोस."

"आणि पाय उचलला की?"

राजाभाऊ थबकले. "कमी होते."

काशीरामनं मनाशी ताडलं. चाक वाकडं असतं तर पाय उचला नाहीतर दाबा, ते हलतच राहिलं असतं. पण हे नुसतं म्हणून कोण ऐकतो? त्यानं ट्रॉली सोडवली. दांडी हुकावरून उचलायला चार माणसं लागली, तेव्हाच त्याला खटकायला हवं होतं. नाही खटकलं. तो पिकअपमध्ये राजाभाऊंच्या शेजारी बसला, पाण्यानं भरलेला पेला पायाशी ठेवला, आणि दोघं पुढच्या निवळीपर्यंत जाऊन आले. पेल्यातलं पाणी हललं ते खड्ड्यांनी तेवढं.

"बघितलंस?" राजाभाऊ जिंकल्यासारखे उतरले. "माझी गाडी स्वच्छ. दोष तुझ्या ट्रॉलीचा."

काशीरामनं ट्रॉलीखाली जॅक लावला. एकेक चाक उचलून गरागरा फिरवलं, रिमच्या कडेला झाडूतली हिराची काडी धरली. काडीपासून रिम सुताइतकीही हलली नाही. बेअरिंग धरून हलवलं, खेळ नाही. एक्सलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली, सरळ.

"ट्रॉलीपण साफ," तो म्हणाला.

"म्हणजे दोगं एकेकटी गुणाची," गोदूबाई म्हणाली, "आणि एका घरात नांदवली का भांडी वाजतात. सासू कोन हाय यात, ती शोद."

आता सगळेच हसले, राजाभाऊसुद्धा. काशीराम मात्र उठला आणि पिकअपच्या मागं जाऊन उकिडवा बसला. मोकळ्या पिकअपचा मागचा बंपर त्यानं वितीनं जमिनीपासून मोजला. मग चौघांकडून दांडी पुन्हा हुकात घालून घेतली आणि परत मोजलं. बंपर चांगला सहा बोटं खाली बसला होता.

"मावशी," तो उठत म्हणाला, "तुमी गाडीत चढा. एकदम मागं, फळीला टेकून. शिवा, तूपण. आणि टपरीवर जे हसतायत ना, त्यातले दोन जाडे बोलवा."

"माजं वजन करतोस काय रे?"

"व्हय. आज तुमचं वजनच माजी अब्रू राकणार हाय."

ट्रॉली जागेवरच सोडली. गोदूबाई, शिवा आणि दोन जाडे पिकअपच्या शेपटीला दाटीवाटीनं बसले. काशीराम पेला घेऊन पुढं. पिकअप निघाली. दुसरा गियर, तिसरा गियर, काटा तिसाच्या पुढं गेला आणि पेल्यातलं पाणी उड्या मारून काशीरामच्या पायजम्यावर सांडलं. मागून गोदूबाईचं ओरडणं ऐकू आलं, "आलां गो बाय, तांच थरथरणां आलां!"

राजाभाऊंनी पाय उचलला. थरथर गेली. त्यांनी मागं वळून बघितलं, रिकाम्या हुकाकडे. ट्रॉली एक मैल मागं उभी होती.

"मागं भार बसला का गाडीची शेपूट खाली जाते," काशीराम म्हणाला, "आणि खालचा प्रोपेलर शाफ्ट, मागल्या चाकांना फिरवनारा दांडा, वाकड्या कोनात फिरतो. मान कलती करून भारा वाहिला तर आपलेपन गुडगे लटपटतात. गाडीचं तसंच. तुमची गाडी बरी हाय, माजी ट्रॉली बरी हाय. हुकावर भार जास्त हाय." पण एवढा भार आला कुठून? बंदरावर जाऊन त्यानं स्वतः होडी मापली होती. इंजिन होडीच्या पिछाडीला, म्हणून एक्सल त्यानं मागच्या बाजूला बसवला होता.

तिठ्यावर परतल्यावर त्यानं ताडपत्री उचलली आणि डोक्याला हात लावला. इंजिन पुढं होतं, हुकाच्या बाजूला. होडी उलटी ठेवली होती. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, हारफुलं आणि कुंकू लेवून ट्रॉलीच्या मागल्या टोकाला रस्त्याकडे बघत होती.

"ही उलटी कुनी चढवली?"

"आमी," शिवा म्हणाला. "नाळ पूजलेली हाय. तिचं तोंड धुराड्याकडं कसं करायचं? गाडीच्या धुरात काय देवी बसवतात?"

"अरे, मग फिरवा ती!"

"पान्याला लागल्याबिगर नाळ फिरत नाय," गोदूबाईनं ठणकावलं.

इथं मात्र काशीरामचा संयम सुटला. अडाणी, हट्टी, माझं नाव बुडवायला निघालेले, काय काय बोलला तो. गोदूबाई ऐकत राहिली. त्याचा दम संपल्यावर शांतपणे म्हणाली, "राजाभाऊला तू घंटाभर प्रश्न विचारलेस. माज्या होडीचं तोंड कंच्या बाजूला ठेवनार, ह्यो एक प्रश्न मला विचारला व्हतास?"

काशीरामनं विचारला नव्हता. कातळावरचा माणूस, होडीला आधी तोंड असतं आणि तोंडाला मान असतो, हे त्याला सुचलंच नव्हतं. तो खाली बघून हसला. "चुकलां, मावशी."

"मंग आता?"

"आता होडी नाय फिरायची. चाकं फिरतील."

होडी बारा माणसांनी उतरवली. एक्सलचे पाटे त्यानं चॅनेलला बोल्टांनी कसले होते, ते सोडले. हाताच्या ड्रिलनं नवी भोकं पाडत एक्सल हातभर पुढं घेतला. शिवानं ड्रिल फिरवलं, राजाभाऊ छत्री धरून उभे राहिले, कारण मधूनच श्रावणसर येत होती. तुळसानं सगळ्यांना भाकरी आणि सुकटीची चटणी आणून दिली. चार वाजता होडी पुन्हा चढली, नाळ मागं, मानानं. मग काशीरामनं दांडी उचलायला लावली. एकट्याला उचलेना, दोघांनी सहज उचलली. "हां," तो म्हणाला, "एवडाच भार हुकाला पायजे."

तो संगमेश्वरापर्यंत त्यांच्याबरोबर गेला. चढ आला, राजाभाऊंनी तिसऱ्यात पाय दाबला, पेल्यातलं पाणी निवांत राहिलं. होडीत गोदूबाईला डुलकी लागली होती. संगमेश्वरच्या स्टँडवर राजाभाऊ उतरले आणि चहा पिणाऱ्या दोन ट्रकवाल्यांना न विचारता सांगायला लागले, "ही ट्रॉली बघितलीत? हातखंब्याच्या काशीरामनं केलेली. सुतात आहे, सुतात!" काशीराम परतीच्या एसटीची वाट बघत खांबाला टेकला होता. त्यानं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून विडी पेटवली. ती विडी त्याला फार गोड लागली.

म्हणून एवढं करा. कुणाच्या हातच्या कामाला वाकडं म्हणायची वेळ आली, तर चारचौघांत ओरडू नका. त्या माणसाला आधी बोलवा, शेजारच्या सीटवर बसवा, आणि त्याच्यादेखत गाडी चालवून दाखवा.